चवीबद्दल चकार शब्द नाही

1952 सालची श्लिट्झ बीअरची एक अमेरिकन जाहिरात आहे. तरुण जोडपं, स्वयंपाकघर, करपलेलं जेवण आणि रडवेली बायको. नवरा तिला जवळ घेऊन समजूत काढतोय: जाऊ दे गं, बीअर तर नाही ना करपवलीस! बायकांकडे त्या काळी कसं पाहिलं जायचं याचा नमुना म्हणून आज ही जाहिरात दाखवली जाते, आणि ते रास्तच आहे. मला मात्र तिच्यात आणखी एक गंमत दिसते. एवढे पैसे मोजून, चित्रकार बसवून, कंपनीनं आपल्या मालाबद्दल मोठ्या अक्षरांत सांगितलं काय, तर तो करपत नाही! त्या काळात श्लिट्झचं चवीबद्दल एक वाक्य होतं, पण तेही नकाराचंच: उग्र कडवटपणा नाही, हॉप्सचा नुसता ओझरता स्पर्श. म्हणजे चव कशी आहे, तर फारशी नाही.

जुन्या बीअरच्या जाहिराती एकामागोमाग पाहत गेलं की ही खोड सगळीकडे आढळते. पिणाऱ्याला बळ येईल, झोप लागेल, त्याचं शहर प्रसिद्ध होईल, तो राजासारखा मिरवेल, हे सगळं असतं. घोडे असतात, अस्वल असतं, टूकन पक्षी असतो. ग्लासातला पदार्थ जिभेला कसा लागतो, याबद्दल अळीमिळी गुपचिळी. या विक्षिप्त घोषवाक्यांचं श्रेय आपण जाहिरात लिहिणाऱ्यांच्या डोक्याला देतो. माझ्या मते त्यातलं निम्मं तरी कायद्याला द्यायला हवं.

आधी मालाचं बघू. 1842 साली बोहेमियातल्या पिल्सेन गावात सोनेरी, पारदर्शक लागर बीअर तयार झाली आणि पुढच्या पन्नास वर्षांत तिनं जग व्यापलं. यंत्रानं बर्फ करता येऊ लागला, पाश्चरनं 1876 मध्ये बीअरवर आख्खा ग्रंथ लिहिला, 1883 मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हान्सेननं यीस्टची शुद्ध पैदास करून दाखवली. या सगळ्यानं बीअर नासायची थांबली, आणि त्याबरोबर ती एकसारखीही झाली. ज्या गोष्टीत फरक नाही त्या गोष्टीवर घोषवाक्य कसं बेतणार?

त्याआधी बीअरच्या जाहिराती अगदी सरळसोट असायच्या. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्याच्या इंग्रजी वर्तमानपत्रांत, विलायतेहून जहाज लागलं की त्यावर आलेल्या मालाची यादी छापून येई. त्यात हॉजसन ब्रुअरीच्या पेल एल या बीअरची पिंपं असत. आली आहे आणि चांगल्या स्थितीत आहे, एवढंच सांगायचं. विषुववृत्त ओलांडून आलेल्या पिंपातली बीअर आंबलेली नाही, ही गिऱ्हाइकाला खरोखर हवी असलेली माहिती होती. पुढे 1830 च्या दशकात उलटा प्रवास झाला. लंडन-लिव्हरपूलच्या जाहिरातींत ‘हिंदुस्थानच्या बाजारासाठी करतात तशी’ असं सांगून तीच एल इंग्रजांना विकली जाऊ लागली. जिचा थेंबही बहुतेक हिंदुस्थानी माणसानं चाखला नव्हता, तिच्या ‘इंडिया पेल एल’ या नावात हिंदुस्थान कायमचा जाऊन बसला.

चिन्हाचा जमाना आला तो लागर जग व्यापत होती त्याच सुमारास. ब्रिटनमध्ये व्यापारचिन्हांच्या नोंदणीचा कायदा अमलात आला आणि 1 जानेवारी 1876 या दिवशी बास ब्रुअरीच्या लाल त्रिकोणाची पहिल्या क्रमांकावर नोंद झाली. 1882 मध्ये एदुआर मानेनं पॅरिसच्या फोली-बेर्झेरमधली मद्यविक्रेती रंगवली तेव्हा तिच्यासमोरच्या बाटल्यांत तो त्रिकोण दोन्ही बाजूंना दिसतो. इतकी ठळक जाहिरात, तीही फुकटात, नंतर कुठल्या बीअरला मिळाली असेल असं वाटत नाही.

घोषवाक्यांचं खरं पीक आलं ते अमेरिकेत. 1871 साली शिकागो जळालं, तेव्हा शेजारच्या मिलवॉकीहून श्लिट्झनं तहानलेल्या शहराला बीअर पाठवली आणि त्यातूनच ‘मिलवॉकीला प्रसिद्ध करणारी बीअर’ हे वाक्य आलं, असं सांगतात. शहरातला प्रतिस्पर्धी पाब्स्ट गप्प बसणार थोडाच? मिलवॉकीची बीअर प्रसिद्ध आहे खरी, पण पाब्स्टनं ती तशी केली, असं त्यानं छापलं. पाब्स्टची माणसं 1882 पासून आपल्या खास बीअरच्या बाटल्यांच्या गळ्यात निळ्या रेशमी फिती हातानं बांधत. रेशमी फीत हातात घेऊन बघता येते. बीअर आत बंद असते.

सेंट लुईसच्या अनहायझर-बुशनं 1896 मध्ये जे केलं ते मला आजवरची सर्वांत चमत्कारिक बीअर-जाहिरात वाटतं. वीस वर्षांपूर्वी लिटल बिगहॉर्नच्या लढाईत जनरल कस्टरची तुकडी मूळ रहिवाशांनी पार कापून काढली होती. त्या लढाईचं मोठं रंगीत शिळाछाप चित्र कंपनीनं छापून घेतलं आणि देशभरच्या सलूनमध्ये, म्हणजे दारूच्या गुत्त्यांत, वाटलं. चित्रात घोडे कोसळताहेत, मेलेल्या सैनिकांची टाळू सोलली जातेय, मध्यभागी कस्टर तलवार उगारून उभा आहे आणि खाली चौकटीत ब्रुअरीचं नाव. लाखाहून जास्त प्रती निघाल्या. हे बघून बीअर का प्यावीशी वाटावी, याचं उत्तर सोपं आहे: चित्र इतकं गजबजलेलं आहे की एक ग्लास संपेपर्यंत ते पाहून होत नाही. पुढे 1950 च्या दशकात मिनेसोटाच्या हॅम्सनं त्याच मूळ रहिवाशांचा ढोल टीव्हीवर वाजवला, ‘आकाशी निळ्या पाण्याच्या देशातून’ असं गाणं लावलं आणि धडपडणारं कार्टून अस्वल आणलं. शत्रू म्हणून आधी वापरले, मग निसर्ग म्हणून.

माल सारखा असताना सत्य सांगूनही वेगळं कसं दिसता येतं, हे क्लॉड हॉपकिन्स या जाहिरात लेखकानं दाखवलं. त्यानं 1927 च्या आपल्या आत्मकथनात हा किस्सा दिलाय. सगळ्या कंपन्या ‘शुद्ध’, ‘शुद्ध’ म्हणून ओरडत होत्या. श्लिट्झनं त्याला बोलावलं, तेव्हा तो आधी कारखाना पाहायला गेला. काचेच्या खोल्यांत नळ्यांवरून ओघळत थंड होणारी बीअर, तिथली गाळून घेतलेली हवा, लाकडाच्या लगद्यानं भरलेल्या गाळण्या, यंत्रानं चार-चार वेळा धुतलेल्या बाटल्या, हजारो फूट खोल विहिरी. हे तुम्ही लोकांना सांगत का नाही, असं त्यानं विचारलं. मालक म्हणाले, सगळेच असं करतात, यात सांगण्यासारखं काय? हॉपकिन्सनं तेच सांगितलं आणि श्लिट्झ पाचव्या नंबरवरून पहिल्याच्या बरोबरीला आली, असा त्याचा दावा आहे. माणूस स्वतःचीही जाहिरात करणाराच होता, तेव्हा दाव्यातून थोडं वजा करायला हरकत नाही. पण त्याची नजर अचूक होती. धुतलेल्या बाटलीचीही बातमी होऊ शकते.

त्याच काळात बीअर औषधाच्या कपाटातही शिरली होती. पाब्स्टचा माल्ट एक्स्ट्रॅक्ट ‘सर्वोत्तम टॉनिक’ म्हणून बाळंतिणी, अशक्त आणि निद्रानाश झालेल्या लोकांसाठी विकला जाई. अनहायझर-बुशच्या माल्ट-न्यूट्रिनच्या जाहिरातींत बाळ आणणारे करकोचे असत. दारूबंदीची चळवळ जोर धरत होती आणि ‘हे मद्य नाही, पोषण आहे’ हा त्यावरचा बचाव होता. बचाव टिकला नाही. 1920 मध्ये देशभर बंदी आली, ती 1933 मध्ये उठली. बीअर परतली तेव्हा अनहायझर-बुशनं क्लाइड्सडेल जातीचे दांडगे घोडे जुंपलेली गाडी रस्त्यावर काढली. घोड्यांना कायद्याचं काही देणंघेणं नव्हतं. बाकी सगळ्याला होतं.

कारण 1935 च्या संघराज्य कायद्यानं बीअरच्या लेबलवर मद्यार्काचं प्रमाण छापायलाच मनाई केली. कंपन्या ‘आमची जास्त कडक’ अशी चढाओढ लावतील, ही भीती. ही मनाई साठ वर्षं टिकली. 1995 मध्ये कूर्स कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द केली. या काळात अमेरिकन बीअरबद्दल सांगण्याजोगी जी एकमेव मोजता येणारी गोष्ट, तीच सांगायची सोय नव्हती. औषधी गुण सांगायला बंदी, ताकद सांगायला बंदी आणि चव सगळ्यांची सारखी. मग उरलं काय? निळं पाणी, अस्वल आणि करपलेलं जेवण. श्लिट्झनं 1936 मध्ये ड जीवनसत्त्व घातलेली बीअरही काढून पाहिली, सूर्यप्रकाश बाटलीत भरला म्हणून. ती काही वर्षांत विस्मरणात गेली.

महायुद्धानंतर उद्योगाच्या संघटनेनं मासिकांतून ‘बीअर बिलाँग्स’ ही चित्रमाला वर्षानुवर्षं चालवली. अंगणातली पार्टी, पाहुण्यांचं आगतस्वागत, पत्त्यांचा डाव आणि प्रत्येक चित्रात सहज ठेवलेले ग्लास. सलूनमधली बीअर घरात आणायची होती. 1935 मध्ये बीअर पत्र्याच्या डब्यात आली होती, घराघरात फ्रिज येत होता, आणि किराणा आणायला बायका जात होत्या. करपलेल्या जेवणाची जाहिरात या पार्श्वभूमीवर वाचली की तिचा रोख कळतो: बीअर आता स्वयंपाकघरातली वस्तू झाली होती.

या सगळ्या भाबडेपणात एक वाक्य प्रामाणिक निघालं. न्यूयॉर्कच्या शेफर बीअरचं 1960 च्या दशकातलं गाणं: एकापेक्षा जास्त प्यायच्या असतील तेव्हा घ्यायची ती ही एकच बीअर. धंद्याचं सगळं गणित त्यात आहे. बीअरचा बहुतेक खप थोड्या पण भरपूर पिणाऱ्यांवर चालतो. हे सगळ्या कंपन्यांना ठाऊक असतं, पण शेफरनं ते चाल लावून गायलं आणि कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

श्लिट्झचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं, कारण घोषवाक्य कुठवर तारतं याची ती गोष्ट आहे. 1970 च्या दशकात खर्च वाचवायला कंपनीनं आंबवण्याचा वेळ कमी केला, घटक बदलले. काही बीअरमध्ये कापसासारखे कण तरंगू लागले आणि गिऱ्हाईक पांगलं. मग 1977 मध्ये लिओ बर्नेट एजन्सीनं टीव्हीवर जाहिरातींची एक मालिका आणली. मुष्टियोद्ध्यासारखा आडदांड माणूस बसलाय, पडद्याबाहेरचा आवाज त्याला सांगतो की श्लिट्झ सोडून दुसरी बीअर घेऊन बघ. तो कॅमेऱ्याकडे रोखून पाहत धमकावतो, माझी मजा हिरावून घेणार? विनोद अभिप्रेत होता. जाहिरात व्यवसायातल्या लोकांनी त्या मालिकेचं बारसं केलं: ‘श्लिट्झ पी, नाहीतर जीव घेईन.’ काही आठवड्यांतच ती बंद झाली. 1982 मध्ये श्लिट्झ स्ट्रो कंपनीच्या पोटात गेली. हॉपकिन्सनं काचेच्या खोल्यांचं वर्णन करून जे कमावून दिलं होतं, ते त्याच खोल्यांतल्या कामात काटछाट करून गेलं.

आता ब्रिटन आणि आयर्लंड. आर्थर गिनेसनं डब्लिनमधली ब्रुअरीची जागा 1759 मध्ये नऊ हजार वर्षांच्या भाडेपट्ट्यानं घेतली होती, आणि त्याच्या वारसांनी पुढची 170 वर्षं वर्तमानपत्रात जाहिरात देणं टाळलं. 1929 च्या फेब्रुवारीत एस. एच. बेन्सन या एजन्सीनं पहिली जाहिरात काढली. एजन्सीनं आधी पिणाऱ्यांनाच विचारलं होतं, तुम्ही गिनेस का पिता? बरं वाटतं, तब्येतीला चांगली असते, असं उत्तर येत राहिलं. तेच वाक्य झालं: ‘गिनेस इज गुड फॉर यू’. पहिल्या जाहिरातीत ताकद, मज्जातंतू, पचन, थकवा, निद्रानाश असे मथळे देऊन प्रत्येकावर गिनेस कशी गुणकारी, हे डॉक्टरांच्या हवाल्यानं मांडलं होतं. वाचताना आपल्याकडच्या जुन्या च्यवनप्राशाच्या जाहिराती आठवतात. फरक एवढाच की लोकांनी ते अक्षरशः घेतलं. आयर्लंडमध्ये बाळंतिणींना आणि रक्तदात्यांना गिनेस देण्याची रीत पुढे कित्येक दशकं चालली, लोह मिळतं म्हणून. प्रत्यक्षात त्यात लोह असतं ते नावापुरतं.

पण गिनेसचं नशीब असं की तिला जॉन गिलरॉय हा चित्रकार मिळाला. 1934 मध्ये त्यानं डोक्यावर अजस्र लोखंडी तुळई सहज तोलून चाललेला कामगार रंगवला. मग सर्कशीतला सी लायन नाकावर चेंडू तोलताना पाहिला आणि त्याला वाटलं, हा ग्लासही तोलू शकेल. तिथून प्राणिसंग्रहालय सुरू झालं: ग्लास पळवणारा सी लायन, बाटली पोटपिशवीत लपवणारा कांगारू आणि मागे धावणारा, हवालदिल झालेला रखवालदार. 1935 मध्ये टूकन आला. त्याच्याखालच्या चार ओळींच्या पद्यात डोरोथी सेयर्सचा हात होता असं मानतात. रहस्यकथा लिहून गाजण्याआधी आणि नंतरही काही काळ ती बेन्सनमध्ये नोकरीला होती, आणि तिची 1933 ची एक कादंबरी जाहिरात एजन्सीतल्या खुनावरच आहे. गिलरॉयच्या चित्रांत एक गोष्ट लक्षात येते. पहिल्या जाहिरातीतलं वैद्यक त्यानं शब्द न बदलता विनोदात मुरवून टाकलं. तुळई उचलणाऱ्या माणसाकडे कुणी पुरावा मागत नाही.

त्याच सुमारास, 1933 मध्ये, सगळ्या ब्रिटिश ब्रुअरींनी मिळून ‘बीअर इज बेस्ट’ ही मोहीम काढली. मंदीत खप घसरला होता आणि तरुण पिढी सिनेमाकडे वळली होती. मद्यविरोधकांनी त्याला दोनच शब्द जोडले: बीअर न घेतलेलीच बेस्ट. घोषवाक्य जितकं लहान, तितकी शेपूट लावायला सोपी.

1960-70 च्या दशकांत ब्रिटनमध्ये नियम आवळत गेले. आरोग्याचा दावा नको, बळाचा नको, बाईमाणसावर छाप पडेल असं सुचवायला नको. गिनेसचं ते वाक्य मागे पडलं. आणि मग 1974 मध्ये हायनेकेनसाठी टेरी लव्हलॉकनं लिहिलं: इतर बीअर पोचू शकत नाहीत ते भाग ताजेतवाने करणारी. पहिल्या जाहिरातींपैकी एकीत गस्त घालून पाय बधिर झालेले पोलीस ओळीनं बसलेत; बीअरचा घोट जातो आणि पायांची बोटं हलू लागतात. हा आरोग्याचाच दावा आहे, गिनेसपेक्षाही धाडसी. फक्त तो इतका अशक्य आहे की त्यावर तक्रार करणारा स्वतःच हसं करून घेईल. पुढे 1985 मध्ये त्याच मालिकेत एका उच्चभ्रू मुलीला गावठी लंडनी बोली शिकवणारा मास्तर आला. शब्द तिच्या तोंडी बसतच नाहीत, मग हायनेकेन पिऊन ती झकास अशुद्ध बोलू लागते. माझ्या लेखी बीअरच्या जाहिरातीत याहून सरस काम झालेलं नाही. यात कायद्याच्या भिंतीवरून उडी नाही, भिंतीलाच शिडी केलंय.

कार्ल्सबर्गनं तीच युक्ती एका ‘प्रोबॅब्ली’वर भागवली. जगातली बहुधा सर्वोत्तम लागर, असं 1975 पासून अभिनेता ऑर्सन वेल्सचा घनगंभीर आवाज सांगू लागला. ‘बहुधा’ असल्यामुळे सिद्ध करायला नको, आणि त्या आवाजामुळे शंकाही नको. 2019 मध्ये कंपनीनं ब्रिटनमध्ये स्वतःच कबूल केलं की आमची बीअर बहुधा सर्वोत्तम नव्हती, म्हणून आता बदललीय. स्टेला आर्त्वानं 1982 मध्ये ‘दिलासा वाटावा इतकी महाग’ म्हणून मिरवलं आणि पुढे सुपरमार्केटनी ती स्वस्तात खोक्यांनी विकली.

भारतीय उपखंडात गोष्ट वेगळ्याच टोकाला गेली. 1860 मध्ये मरी गावाजवळ घोडा गली इथे सुरू झालेल्या मरी ब्रुअरीनं ‘ईट, ड्रिंक अँड बी मरी’ असा गावाच्या नावावर श्लेष केला. ही ब्रुअरी चालवणाऱ्या एडवर्ड डायरचा तिथंच जन्मलेला मुलगा पुढे जालियनवाला बागेत गोळीबाराचा हुकूम देणारा निघाला, हे जाता जाता. 1977 मध्ये पाकिस्ताननं मुसलमानांना दारूबंदी केली. ब्रुअरी आजही चालू आहे.

आपल्याकडे 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यानं दारूची जाहिरातच नव्हे, तिची स्तुती करणंही गुन्हा ठरवलं होतं. 1951 मध्ये बालसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं बंदी बहुतांशी कायम ठेवली, पण स्तुतीचा भाग अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या आड येतो म्हणून काढून टाकला. म्हणजे बीअर छान लागते असं लिहायची आपल्याला घटनेनं मुभा आहे, ती विकण्यासाठी मात्र लिहायचं नाही. 2000 साली केबल टीव्हीच्या नियमांनी मद्याच्या जाहिरातींना थेट मनाई केली आणि घोषवाक्यांची मालापासून फारकत झाली. किंगफिशर पाणी विकू लागली, 2003 पासून कॅलेंडर छापू लागली, आणि 2005 मध्ये तिचं ‘किंग ऑफ गुड टाइम्स’ हे वाक्य विमानात जाऊन बसलं. 2012 मध्ये ती विमानं जमिनीवर आली. सोडा, सीडी, क्रिकेट: नाव सगळीकडे, बीअर कुठंच नाही.

जिथं वाक्य छापता येत नाही तिथं नावालाच वाक्याचं काम करावं लागतं. म्हणून आपल्या बीअरची नावं बघा: नॉक आउट, थंडरबोल्ट, हेवर्ड्स 5000. या पाच हजाराचं एकक काय, हे विचारायचं नसतं. शिवाय अमेरिकेनं साठ वर्षं लपवलेली ताकद आपल्या लेबलवर सक्तीनं असते, आणि ‘स्ट्राँग’ हे उत्पादन शुल्काच्या वर्गवारीतलं नाव गिऱ्हाइकासाठी सर्वांत प्रभावी जाहिरात ठरतं. देशातली बहुतांश बीअर स्ट्राँगच खपते. बीअर शॉपीच्या काउंटरवर कुणी चव विचारत नाही. स्ट्राँग की माइल्ड, आणि चिल्ड आहे का, दोनच प्रश्न.

त्याच बाटलीवर आता मद्यपान आरोग्यास हानिकारक असल्याचा इशारा सक्तीनं छापलेला असतो, आणि 1929 मधल्या गिनेसच्या वाक्याचं याहून सरळ खंडन शोधून सापडणार नाही. पण ते वाक्य आपल्याकडे सरकारी कागदावर जिवंत आहे. महाराष्ट्रात दारू पिण्यासाठी कायद्यानं परवाना लागतो, आणि तो दिला जातो तो आरोग्याचं रक्षण व्हावं, ते टिकावं यासाठी. एका दिवसाच्या परवान्याला वर्षानुवर्षं पाच रुपये पडत आलेत. ज्या जागेला आपण परमिट रूम म्हणतो, तिथं तो दाखव म्हणणारा वेटर मात्र मी अजून पाहिलेला नाही.